वार पडली की कळव

ता. ४

नाकमुरड्या,

तू पोचलास हे दूधगाडीवाल्याकडून कळलं. म्हणाला, "तुमचा भाचा गोठ्याच्या दारात नाकाला रुमाल लावून उभा होता, आत गेला की नाही ते काही मी बघितलं नाही." आत जा बाबा. ती बाहेर येऊन तुला दर्शन द्यायची नाही.

इथल्या फोनवर नुसती खरखर ऐकू येते, म्हणून पत्रं लिहायची. गाडी सकाळी सहाला आपल्या दारावरून निघते आणि आठला इथं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दूध टाकते. परत जाताना माझं पत्र घेईल, दुपारपर्यंत तुला मिळेल. रविवारी गाडी नसते.

माझं काय विचारतोस. मोडलेल्या मांडीला वजन टांगून ठेवलंय. एक नर्स येते, खाली भांडं सरकवते आणि "झालं का आजी" असं सगळ्या खोलीला ऐकू जाईल एवढ्यानं विचारते. शेजारच्या खाटेवरची बाई वाटीत थुंकते आणि वाटी माझ्या बाजूला ठेवते. चहावर साय धरलेली असते, सायीवर माशी. चाळीस वर्षं मी शेण काढलं, मला कधी शिसारी आली नाही. इथं रोज येते.

आता कामाचं. आपली गाय धांदल पहिलारू आहे, पहिल्यांदाच विणार आहे. तिला काय होतंय ते तिला कळायचं नाही, म्हणून तुला कळलं पाहिजे. दर तीन तासांनी मागे जाऊन बघायचं. कास भरून कातडी ताणली का, सड ताठ झाले का, त्यांच्या टोकाला मेणासारखा चीक दिसतो का. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दोऱ्या असतात, हाताला घट्ट लागतात. त्या सैल होऊन खळगे पडले की एक-दीड दिवस राहिला समज. मागून काचेसारखी चिकट तार लोंबायला लागेल, तिला घाबरू नकोस. ऊठबस करायला लागली, स्वतःच्या पोटाकडे वळून बघायला लागली, की तिथून हलायचं नाही.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. व्याली की वार पडली का बघ, किती वाजता पडली ते लिही आणि पहिल्या गाडीनं मला कळव. बाकीचं विसरलास तरी एक वेळ चालेल, हे विसरू नकोस.

तुझी मावशी

मंगळवार, ता. ५

मावशी,

नमस्कार. वाकून केला असं समज. प्रत्यक्ष वाकलो असतो तर नाक शेणात गेलं असतं, इतकं ते इथं सगळीकडे आहे.

मी आत गेलो. तुझ्या गाडीवाल्याला सांग. आत गेलो आणि पहिल्याच पावलाला चप्पल रुतली. दुसरं पाऊल टाकलं तेव्हा तुझ्या धांदलनं शेपटी उचलून माझं स्वागत केलं. गोठ्यातला वास कपड्यांना लागतो हे मी ऐकून होतो, तो दाढीला लागतो हे माहीत नव्हतं. जेवताना घास तोंडाजवळ आला की आधी माझ्या बोटांचा वास येतो. तीनदा साबण लावला. आता साबणालाही तोच वास आहे.

तुझ्या सूचनांप्रमाणे दर तीन तासांनी बघतो. निरीक्षणं वहीत रकाने आखून लिहिली आहेत. कास: मोठी. सड: गुलाबी, बघवत नाहीत. दोऱ्यांना हात लावलेला नाही. तिथं वाळलेलं काहीतरी चिकटलेलं आहे आणि ते काय आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मधल्या वेळात मी आमच्या छापखान्याचं काम करतो. पुढच्या वर्षाच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेची मुद्रितं तपासायला सोबत आणली आहेत. तारखेखाली वार बरोबर आला आहे का हे तीनशे पासष्ट वेळा बघायचं असतं, आणि एक वार चुकला की पुढचे सगळे चुकतात. म्हणून तुझ्या पत्राबद्दल दोन गोष्टी, राग मानू नकोस. एक, तू पत्रावर तारीख घालतेस, वार घालत नाहीस. दोन, "वार पडली" असं लिहिलं आहेस. वार पुल्लिंगी आहे. "कोणता वार पडला" असं हवं. बाकी पत्र शुद्ध आहे, फक्त "शिसारी" वाचून मला ती आली.

वार आणि वेळ मी नक्की लिहीन. त्या कामात माझा हात धरणारं आमच्या छापखान्यात कोणी नाही.

तुझा भाचा

ता. ६

अरे शहाण्या,

मी इथं टांगलेली आणि तू माझं व्याकरण तपासतोस. पडला म्हण नाहीतर पडली म्हण, मला पडल्याशी मतलब. लिहून कळव म्हणजे झालं.

दोऱ्यांना हात लाव. "बघवत नाहीत" हे काय निरीक्षण झालं? ती वही फाडून तिच्यापुढे टाक, निदान खाईल तरी.

काल तुझी आई येऊन गेली. माझी बहीण असली तरी सांगते, माणूस आजारी पडलं की तिच्या तोंडावर एक तरतरी येते. बाकीची जनावरं विकली ते चांगलं केलंस म्हणाली. आता तेवढी एक गेली की सुटलीस म्हणाली. माझ्यासाठी तुझी खोली रिकामी करायची ठरवलीय. तुझी पुस्तकं माळ्यावर जाणार, तुझी खाट जिन्याखाली. खिडकीला जाळी बसवते म्हणाली, म्हणजे मी तिथं बसून रस्ता बघायचा. आयुष्यभर मी रस्ता बघत बसणाऱ्यांतली वाटले का तिला? तिच्या हातचं सफरचंद अर्धंच खाल्लं, उरलेलं उशाशी ठेवून दिलं.

मी तिला शब्द दिलाय. धांदल आणि वासरू सुखरूप सुटली तर मी कुबड्यांवर का होईना, माझ्या घरी जाणार. तिला काही झालं तर गोठ्याला कुलूप लावून तुमच्याकडे येणार आणि परत तक्रार करणार नाही. तेव्हा नीट बघ. माझ्यासाठी नको बघूस, तुझ्या खाटेसाठी बघ.

शेजारची आता दात काढून त्याच वाटीत ठेवायला लागलीय.

मावशी

शुक्रवार, ता. ८

मावशी,

जिन्याखाली झुरळं आहेत. मी दोऱ्यांना हात लावला.

आधी कोपरापर्यंत प्लास्टिकची पिशवी चढवून लावला. तर पिशवीच्या आवाजानं ती दचकली आणि मी भिंतीवर आपटलो. मग पिशवी काढली, डोळे मिटले आणि लावला. गरम असतं गं ते. मला वाटलं होतं गार असेल, ओल्या गोणपाटासारखं. परवा घट्ट लागल्या होत्या, काल थोड्या सैल, आणि आज बोट आत जाईल एवढे खळगे पडलेत.

सडांच्या टोकाला मेण आलं. दुपारी तार लोंबायला लागली. तू "काचेसारखी" लिहिलंस, तेव्हा मला काहीतरी स्वच्छ वाटलं होतं. ही बोटभर जाड आहे, वाऱ्यावर हलते आणि तुटत नाही. मी बादली उचलायला वाकलो तेव्हा ती माझ्या मानेवर आली. कॉलरच्या आत. मी अंगणात जाऊन सदरा काढला आणि दोन बादल्या पाणी मानेवर ओतलं. शहाण्या माणसाला या जगात असं काही मानेवर घ्यायची वेळ येऊ नये.

दिनदर्शिकेतला जून महिना मात्र निर्दोष निघाला.

खोटं कशाला बोलू, आईनं मला इथं धाडलं ते तुला मदत व्हावी म्हणून नाही. "बघून ये, तिला झेपण्यासारखं राहिलंय का, आणि नाही झेपत म्हणून लिही," असं म्हणाली. तेव्हा खाटेचं बोलली नव्हती. मी अजून काहीच लिहिलेलं नाही.

भाचा

शनिवार, ता. ९

मावशी,

व्याली. कालवड झाली. दोघी उभ्या आहेत. वार शनिवार पडला. वेळ सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. घड्याळ आधी रेडिओशी लावून घेतलं होतं.

आता जे झालं ते सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही. आठ वाजल्यापासून ती ऊठबस करत होती. एकदा माझ्याकडे बघायची, एकदा स्वतःच्या पोटाकडे, जणू आमच्यापैकी कोणीतरी तिला फसवलंय. मग मागे एक पिशवी दिसली, पिवळट, पाण्यानं भरलेली. ती फुटली आणि सगळं पाणी माझ्या बुटात. नवे बूट होते. मग दोन पांढरे खूर आणि त्यांच्यावर एक जीभ, निळसर, बाहेर लोंबणारी. मला वाटलं मेलं. मी चक्क ओरडलो तिच्यावर, "ढकल ना." तिनं ढकललं. एवढा मोठा ऐवज एवढ्याशा वाटेनं आला आणि ओल्या गादीसारखा खाली आदळला.

श्वास घेईना. नाकातोंडात चिकट भरलेलं होतं. मी बोटं घातली. माझी बोटं, मावशी, ज्यांनी मी बाजारात पपईसुद्धा दाबून बघत नाही. बाहेर काढलं, झटकलं, परत घातली. मग ते शिंकलं, माझ्या तोंडावर. मी गोठ्याच्या मागे जाऊन ओकलो आणि परत आलो, तर ही बाई ते सगळं चाटून खात होती. परत ओकलो.

चीक पाजला. म्हणजे मी तोंड सडाला लावून दिलं, बाकीचं त्या कालवडीला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

धांदलच्या मागे अजून काहीतरी लोंबतंय, लालसर-करडं, ओल्या फडक्यासारखं, गुडघ्यापर्यंत. त्याचं वर्णन करायची ताकद आता माझ्यात नाही. राहिलेली घाण असेल, जाईल आपोआप. तू जे विचारलं होतंस ते सगळं वर दिलं आहे.

भाचा

रविवार, ता. १०

मावशी,

आज गाडी नाही, त्यामुळे हे कालच्या पत्राबरोबरच उद्या पोचेल.

ते फडकं अजून तिथंच आहे. काळपट पडलंय. माश्या बसल्यात. वास सुरू झालाय आणि मी आतापर्यंत ज्याला वास म्हणत होतो तो अत्तर होतं असं आता वाटतं. हा घशात चिकटतो. घरात, उशीवर, दिनदर्शिकेच्या कागदांवर, सगळीकडे तोच. संध्याकाळी मी छापखान्याची मोठी कात्री घेऊन तिच्या मागे उभा राहिलो, म्हटलं ओढून कापून टाकावं आणि मोकळं व्हावं. पण हात पुढे होईना. किळस आली. कात्री ठेवून दिली.

तिनं चारा तसाच ठेवलाय. कान गार लागतात. बाळंतपणाचा थकवा असेल का? आजवर मी तिला वैतागून काय काय बोललो, पण आज ती मान खाली घालून उभी आहे आणि मला ते अजिबात आवडत नाही.

भाचा

ता. ११

गाढवा,

गाडीवाल्याला दारात थांबवून लिहितेय.

वार म्हणजे शनिवार नव्हे. वार म्हणजे वासरू पोटात ज्या पिशवीत असतं ती, जी वासरामागून पडते. ते तुझं फडकं, तीच वार. दहा-बारा तासांत पडायला हवी होती. दोन दिवस झाले. आत राहिली की कुजते, जनावर तापानं फणफणतं आणि जातं. माणसांचीही असते रे ती. तू झालास तेव्हा तुझ्या आईची पडेना म्हणून मी रात्रभर तिच्या उशाशी बसले होते. एवढी बुकं वाचतोस, कुठं आली नाही का वाटेत?

मी लिहिलं "वार पडली", तू म्हणालास "वार पडला", आणि मी म्हणाले पडला म्हण नाहीतर पडली म्हण. माझ्याच तोंडानं. मला माझीच किळस आलीय. शेजारणीच्या वाटीची आली नाही एवढी.

ओढू नकोस. कापू नकोस. कात्री विहिरीत टाक. गाडीवाला परस्पर टेकडीपलीकडे जाऊन जनावरांच्या डॉक्टरला घेऊन येतोय. तो सांगेल ते कर, नाक न मुरडता कर. कालवडीला पाजत राहा.

तुझी आई चार वाजता येतेय. तिला काय सांगू?

मावशी

बुधवार, ता. १३

मावशी,

आईला काय सांगितलंस ते कळव.

डॉक्टर सोमवारी दुपारी आले. खांद्यापर्यंत मोजा चढवला आणि मला म्हणाले, शेपटी धरा. मी धरली. त्यांनी हात आत घातला तेव्हा जे बाहेर आलं ते चहाच्या रंगाचं होतं आणि ते माझ्या छातीवरून पायापर्यंत गेलं. मी शेपटी सोडली नाही. ओकलो, पण बाजूला मान वळवून, शेपटी धरूनच. डॉक्टरांनी पायानं नुसती पाण्याची बादली माझ्याकडे सरकवली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

म्हणाले, वार आत घट्ट चिकटलीय, ओढली तर फाटेल आणि रक्त जाईल. सडून आपली आपण सुटू द्यायची, तोवर ताप चढू द्यायचा नाही. दोन इंजेक्शनं दिली, उद्या परत येतात. मग विचारलं, "कोणी ओढाओढ केली का?" मी म्हटलं, करणार होतो, पण किळस आली. ते म्हणाले, "फार बरं झालं." मावशी, माझ्या किळसेला आयुष्यात पहिल्यांदा कोणी बरं म्हटलं.

माझी चूक मी पांघरूण घालून ठेवत नाही. मला शब्द माहीत नव्हता, हा गुन्हा नाही. पण माहीत नसताना मी तुला दुरुस्त केलं. छापखान्यात असं कोणी केलं तर मी त्याच्याशी महिनाभर बोलत नाही. तू स्त्रीलिंगी लिहिलं होतंस. तिथंच थांबून, ही चूक आहे की दुसराच शब्द आहे, एवढं विचारायचं होतं. तेवढ्याचाच तर पगार घेतो मी.

ताप सोमवारी एकशे पाच होता, काल एकशे चार, आज सकाळी एकशे तीन पूर्णांक चार दशांश. कुठं ठेवून मोजतात ते मी लिहीत नाही, तुला माहीत आहे. दिवसातून तीनदा कोमट औषधाच्या पाण्यानं मागची बाजू धुतो. तो वास आता माझ्या स्वप्नातही आहे. सवय होते म्हणतात, साफ खोटं. प्रत्येक वेळी तितकीच किळस येते. मी किळसेसकट धुतो, एवढंच.

अजून खात नाही. कालवड दूध ओढते तेव्हा तेवढी मान वळवून तिला चाटते आणि परत खाली घालते. मला भीती वाटते.

भाचा

ता. १४

बाळा,

तुझ्या आईला सांगितलं की दोघी उभ्या आहेत. ते खरं आहे. बाकी विचारलं नाही तिनं, जाळीचं माप सांगत होती.

एकशे तीनला आला म्हणजे उतरतोय. तिला पाणी कोमट दे, त्यात मूठभर गूळ टाक. चारा पुढ्यात ढीग घालून ठेवू नकोस, हातात धरून थोडा थोडा दे. जनावर भिडेनं खातं कधी कधी.

आज आल्या आल्या तुझं पत्र दोनदा वाचलं. मग नर्स भांडं घेऊन आली आणि नाक मुरडलं तिनं. मी म्हटलं, अगं, मुरड की, पण हात स्थिर ठेव. हसली ती. तुझ्यासारखीच आहे.

मीसुद्धा चुकले. "वार" म्हणाले आणि माझ्या गोठ्यातला शब्द सगळ्या जगाला कळतो असं धरून चालले. पुढच्या खेपेला "पिशवी" लिहीन.

मावशी

गुरुवार, ता. १४

मावशी,

तुझं पत्र दुपारी मिळालं, पण त्याआधीच सांगण्यासारखं झालं होतं.

वार पडली. गुरुवार पडला. वेळ सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. घड्याळ लावलेलं नव्हतं, पाच मिनिटं इकडेतिकडे धर. मी धूत असताना पडली, माझ्या पायावर. अनवाणी होतो, कारण बूट राहिलेले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं ती काठीनं पसरून बघितली, सगळी आली की तुकडा आत राहिला ते. वाकून, जवळून, दोन्ही बाजूंनी, मुद्रित तपासतात तशी. पूर्ण आहे. डॉक्टर अकराला आले, त्यांनीही बघितली आणि मान डोलावली. जगात याहून घाण वस्तू असेल तर मला ती बघायची नाही.

कमरेएवढा खड्डा खणून पुरली, वर दगड ठेवले. कुत्र्यांना मिळायची नाही.

ताप एकशे दोन. गुळाचं पाणी प्यायली. माझ्या हातातून चारा खाल्ला आणि मग माझी बाही खाल्ली. संध्याकाळी हंबरली. तिचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला, बरा नाहीये.

आईला मी आजच लिहिलं. लिहिलं की झेपतं. माझी पुस्तकं माळ्यावरून खाली काढून ठेव म्हटलं.

भाचा

शुक्रवार, ता. १५

नाकमुरड्या,

वर वार घातलाय, बघितलास का? पुल्लिंगी.

तुझं पत्र आल्यावर मी सगळ्या खोलीला मोठ्यानं वाचून दाखवलं, खड्ड्यापर्यंत. शेजारणीनं वाटी उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली. मांडीचं वजन मंगळवारी काढणार आहेत, मग कुबड्या शिकवतील. पंधरा दिवसांत सोडतील. तुझ्या आईला सांगितलंय, जाळी त्याच्याच खिडकीला बसव, त्याला माशांचं वावडं आहे.

पंधरा दिवस तुला राहावं लागेल. कालवडीला नाव ठेव तोवर. आणि आता रोज दूध काढायचं, म्हणजे त्या "बघवत नाहीत" वाल्यांना हात लावावा लागेल. आधी धुऊन घे. तुझे हात, मग तिचे सड.

तुझी मावशी